भात होतो, बाकी काही होत नाही: राइस कुकरच्या नेहमीच्या तक्रारी आणि त्यांचे इलाज

"अण्णा, भात तेवढा झकास होतोय बघा. पण खिचडी लावली की खाली करपते आणि वर पाणी तसंच. उप्पीट लावलं तर दोन मिनिटांत बटण टपकन वर. कुकर बिघडलाय काय की!"

बेळगावातल्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात राइस कुकर घेऊन येणाऱ्यांचं म्हणणं थोड्याफार फरकाने हेच असतं. उद्यमबागेत कामाला असलेली, खोली करून राहणारी पोरं. टिळकवाडीत शिकायला आलेल्या खानापूरकडच्या मुली. गॅस संपला तर हाताशी असावा म्हणून कुकर घेऊन ठेवलेल्या काकू. यातले बरेच कुकर मी न उघडताच परत देतो, कारण मशीन ठणठणीत असतं. त्याच्याकडून आपण काय मागतोय आणि त्याला काय कळतं, यात अंतर पडलेलं असतं.

एक बटण, दोन दिवे आणि वर झाकण असलेल्या साध्या कुकरला तांदूळ शिजला की नाही हे कळत नाही. किती मिनिटं झाली हेही कळत नाही. भांड्याचा तळ किती तापलाय, एवढंच त्याला कळतं. आतलं भांडं उचललं की तापणाऱ्या प्लेटच्या मधोमध स्प्रिंगवर बसवलेली एक गोल टिकली दिसते. तिच्या पोटात चुंबक असतो. आपण बटण खाली दाबतो तेव्हा हा चुंबक धरला जातो आणि प्लेटला वीज मिळत राहते. भांड्यात मोकळं पाणी आहे तोवर तळ उकळत्या पाण्यापेक्षा फारसा जास्त तापू शकत नाही. काही पाणी तांदळात मुरलं, काही वाफेने गेलं आणि मोकळं पाणी संपलं, की तळ झपाट्याने तापतो. १०३ अंशांच्या आसपास टिकलीतला चुंबकाचा जोर जातो, स्प्रिंग ढकलते आणि बटण 'टक' करून वर येतं. पुढे कुकर 'वॉर्म'वर, म्हणजे शिजलेलं नुसतं गरम ठेवण्यावर.

म्हणजे या यंत्राचं घड्याळ पाणी आहे. ही युक्ती जुनी आहे. तोशिबाने १९५५ साली जपानमध्ये पहिला स्वयंचलित कुकर विकायला काढला, तेव्हा त्यात भांड्यात भांडं असायचं. बाहेरच्या भांड्यात मोजून पाणी ओतायचं, ते आटलं की तळ तापून स्विच बंद व्हायचा. तो कुकर तयार करणाऱ्या योशितादा मिनामी यांच्या पत्नी फुमिको घरी रोज भात लावून वेळा आणि तापमानं टिपून ठेवायच्या, म्हणून ते जमलं. पुढे बाहेरचं भांडं गेलं, चुंबक आला, पण हिशेब पाण्याचाच राहिला.

म्हणून कुठलाही पदार्थ बिघडला की आधी एवढंच बघायचं: तळाशी मोकळं पाणी होतं का, आणि ते हलत होतं का? बहुतेक तक्रारींचं मूळ तिथेच सापडतं.

फोडणी घातली की बटण उडतं

तेलाला शंभराची मर्यादा नाही. मोहरी तडतडायला लागते तेव्हा तेल दीडशेच्या पुढे गेलेलं असतं. कुकरच्या हिशेबात तळाचं पाणी कधीच संपलेलं असतं, त्यामुळे तो बटण सोडतो. यात त्याची काही चूक नाही. मग आपण पुन्हा दाबतो, ते धरत नाही, कारण टिकली अजून गरम असते. पाच-दहा मिनिटं थांबलं किंवा भांड्यात पाणी घातलं, की टिकली निवते आणि बटण धरतं.

यावर लोकांनी शोधलेला उपाय मात्र मला रोज बघावा लागतो: बटणाखाली चमच्याचा दांडा, काडेपेटी, घडी केलेला पुठ्ठा. बटण खाली अडकवून ठेवलं की प्लेट तापतच राहते. मग आतला थर्मल फ्यूज वितळतो आणि कुकर मरतो. हा फ्यूज एकदाच कामी येतो, वितळला की नवाच घालावा लागतो. पैशाने तो किरकोळ आहे, पण त्याच्या जागी वायर जोडून 'चालू करून देणारे' कारागीरही आहेत. त्यांच्याकडून कुकर घेऊ नका आणि त्यांच्याकडे देऊही नका. फ्यूजशिवायचा कुकर म्हणजे रिकामं भांडं विसरलं त्या दिवशी आग.

सोपी वाट अशी. गॅस असेल तर पळीत फोडणी करून शेवटी वरून घाला. डाळीला आणि खिचडीला ती तशीही जास्त खमंग लागते. गॅस नसेल तर कोरडं भांडं गरम करू नका. तेल, मोहरी, जिरं, कांदा असं सगळं सुरुवातीलाच घालून बटण दाबा. कांद्यातलं पाणी तळ थोडा वेळ थंड ठेवतं, तेवढ्यात फोडणी होऊन जाते. बटण उडालं की कांदा परतला असं समजा, लगेच तांदूळ आणि पाणी घाला आणि थोड्या वेळाने पुन्हा दाबा. बटण उडणं हीच इथली खूण. खोलीवरच्या पोरांना मी हेच सांगतो. तांबूस कुरकुरीत कांदा मात्र यात होणार नाही, त्याचा हट्ट सोडायचा.

खिचडी खाली करपते, वर पातळ राहते

या एका तक्रारीवर मी सगळ्यात जास्त बोललो असेन, कारण वरवर बघता ती पटतच नाही. चार कप पाणी घातलंय, वर अजून पाणी दिसतंय, मग खाली करपलं कसं?

पातळ पाणी उकळताना फिरत असतं. तळाचं गरम पाणी वर, वरचं खाली, त्यामुळे तळ थंड राहतो. मुगाची डाळ फुटली आणि तांदळाचं पीठ सुटलं, की तेच पाणी घट्ट होतं आणि फिरायचं थांबतं. तळाला चिकटलेला थर तिथेच तापत बसतो, पुढे करपतो, आणि टिकलीला वाटतं पाणी संपलं. त्यात इंद्रायणी असेल तर बघायलाच नको, तो तांदूळ मुळातच चिकट.

इलाज उलटा आहे. पातळ खिचडी हवी असेल तरी सुरुवातीला पाणी कमीच घाला. एक कप तांदूळ आणि अर्धा कप मूगडाळ चांगली चार पाण्यात धुऊन अर्धा तास भिजवा आणि कुकरमध्ये तीन-सव्वातीन कप पाण्यावर लावा. हळद, हिंग, मीठ आता, मसाला नाही. उकळी आल्यावर दहा-बारा मिनिटांनी झाकण काढून लाकडी पळीने तळापासून एकदा हलवा. हे एक हलवणं म्हणजे अर्धा इलाज. बटण उडालं की खिचडी घट्ट पण शिजलेली असेल. आता वरून कडकडीत पाणी हवं तेवढं घाला, घोटा, झाकण लावून पाच-सात मिनिटं वॉर्मवर ठेवा. चटचटीत फोडणी वरून. पाणी गारच घातलं तर खिचडी फुटल्यासारखी वेगळी वेगळी दिसते, म्हणून कडकडीत.

मसालेभातालाही हीच तक्रार येते, पण तिथे चोर दुसरा असतो. गोडा मसाला किंवा घरची कांदा-लसूण चटणी थेट भांड्यात टाकली की ती तळाशी जाऊन बसते आणि डाग पडतो. मसाला पाण्यात कालवून मग ओता. तोंडली, वांगी तळाला नकोत, तांदळाच्या वर पसरा, वाफेवर शिजतात. ओलं खोबरं आणि कोथिंबीर वाढतानाच.

शेजारच्या कन्नड घरातून शिकून बिसी बेळे भात, म्हणजे चिंच घातलेला डाळ-तांदळाचा मसालेदार भात, लावणाऱ्यांनी चिंच सुरुवातीला घालू नये. का, ते डाळीच्या तक्रारीत येतं.

उप्पिटाचं सोपं. रवा आधी भाजून ठेवलेला हवा, भाजणं कुकरचं काम नाही. फोडणी, कांदा, पाणी, मीठ घालून पाण्याला खळखळून उकळी येऊ द्या. झाकण उघडं ठेवून एका हाताने रवा पेरा, दुसऱ्याने हलवा. एक-दोन मिनिटांत बटण उडेल, आणि उडू दे. पाणी रव्यात गेलं म्हणून उडालं. झाकण लावून पाच मिनिटं वॉर्मवर मुरलं की झालं. इथे पुन्हा पुन्हा बटण दाबणारे लोक करपलेलं उप्पीट खातात.

फेस उतू जातो, ओटा चिकट होतो

तांदळाचं पीठ आणि डाळीतले फेस करणारे पदार्थ मिळून घट्ट बुडबुडे होतात, ते झाकण उचलतात आणि बाहेर पडतात. जोंधळ्याच्या कण्या लावल्या तर सगळ्यात जास्त. ताकातल्या कण्या कुकरात करायची कल्पना छान आहे, पण पहिल्या वेळी भांडं एक तृतीयांशाच्या वर भरू नका.

धुणं महत्त्वाचं. पाणी जवळजवळ नितळ दिसेपर्यंत धुवा. भात असेल तर आतल्या खुणांपर्यंत चालेल, पण खिचडी, डाळ, कण्या असं काही असेल तर अर्ध्याच्या वर नको. चमचाभर तेल टाकलं तर फेस बसतो. झाकणाचं वाफेचं भोक बंद पडलेलं असतं, टाचणीने साफ करा. तरीही येत असेल तर झाकणाच्या कडेला लाकडी पळी आडवी ठेवून फट ठेवा. वाफ जास्त जाईल, म्हणून अर्धी वाटी पाणी वाढवा.

ओटा पुसता येतो, काळजीची गोष्ट वेगळी आहे. तो चिकट फेस भांड्याच्या बाहेरून ओघळून प्लेटवर जातो, जळतो आणि काळी खपली होते. पुढच्या वेळी भांडं प्लेटला नीट टेकत नाही. एका बाजूला जास्त तापतं, एका बाजूला कमी. तीच खपली टिकलीच्या कडेला अडकली तर टिकली नीट वर-खाली होत नाही, आणि मग साधा भातही बिघडायला लागतो. लोक म्हणतात, कुकर जुना झाला.

साफ करायचं ते असं: प्लग काढायचा, कुकर पूर्ण गार होऊ द्यायचा, पिळून घेतलेल्या ओल्या फडक्याने पुसायचं. खपली निघत नसेल तर बारीक सँडपेपर हलक्या हाताने फिरवायचा, फक्त प्लेटवर, आतल्या भांड्यावर कधीच नाही. टिकली बोटाने दाबून बघायची, झटकन वर यायला हवी. कुकरच्या अंगात पाणी ओतून धुणारे लोक आहेत, आणि त्यांच्यामुळेच माझं दुकान चालतं.

डाळ कितीही वेळ ठेवली तरी शिजत नाही

याचं उत्तर अर्धं विज्ञान आणि अर्धं आपलं गाव आहे. शिट्टीच्या कुकरात दाबामुळे पाणी १२० अंशांच्या आसपास जाऊन उकळतं. राइस कुकरात दाब नाही, त्यामुळे शंभराच्या वर काहीच नाही. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण अडीच हजार फुटांवर असल्यामुळे इथे पाणी शंभरालाही नाही, साडेसत्त्याण्णवच्या आसपास उकळतं. कोकणातल्या मावशीकडे जी तूरडाळ राइस कुकरात कशीबशी शिजते, ती इथे आणखी रेंगाळते. भाताला हे दोन-अडीच अंश फारसे जाणवत नाहीत. हरभरा, तूर, पांढरा वाटाणा यांना जाणवतात.

पाणी जड असेल तर आणखी एक अडचण. बोअरच्या पाण्यातले क्षार डाळीच्या सालीला आणि गराला घट्ट धरून ठेवतात. नळाचं किंवा फिल्टरचं पाणी वापरून एकदा बघा, फरक पहिल्याच वेळी कळेल. भिजवताना चिमूटभर खाण्याचा सोडा चालतो, पण तो हात सैल झाला की डाळीची चव साबणासारखी होते.

आंबट पदार्थ तर डाळीचे वैरीच. चिंच, टोमॅटो, आमसूल डाळ मऊ व्हायच्या आधी पडलं, की ती नंतर किती वेळ ठेवा, दाणा दातात येणारच. आमटी करताना डाळ पूर्ण घोटली गेल्यावरच आंबट. बिसी बेळे भातातही तांदूळ-डाळ शिजल्यावर चिंचेचा कोळ, मग पाच मिनिटं उकळी.

माझं मत स्पष्ट आहे: राइस कुकरात मूग आणि मसूर लावा, तुरीचा नाद सोडा. गॅसच नसेल आणि तुरीचीच आमटी हवी असेल, तर डाळ किमान दोन तास भिजवा, पाणी भरपूर ठेवा, बटण उडालं की पुन्हा पाणी घालून दुसरा फेरा द्या. मोड आलेली मटकी आणि भिजवलेली चवळी मात्र छान होते, उसळीला तक्रार नाही. राजमा करणार असाल तर रात्रभर भिजवून ते पाणी टाका आणि निदान दहा मिनिटं खळखळून उकळू द्या. अर्धकच्चा लाल राजमा पोटाला खरोखर बाधतो. वॉर्मवर ठेवून 'हळूहळू शिजेल' असा विचार राजम्याच्या बाबतीत अजिबात नको.

मटण नको. कोंबडीचा रस्सा होतो.

गोड पदार्थ

साखर आणि गूळ तळाशी बसले की लगेच करपतात, आणि गुळाच्या पाण्यात धान्य मऊ होत नाही. म्हणून गोड नेहमी शेवटी. गव्हाची खीर करायची असेल, म्हणजे शेजारचे जिला हुग्गी म्हणतात ती, तर कांडून साल काढलेले गहू रात्रभर भिजवा. सकाळी चौपट पाण्यावर लावा, बटण उडालं की पाणी घालून पुन्हा. दाणा बोटात दाबल्यावर पूर्ण चेपला गेला तरच गूळ. नारळाचं किंवा गाईचं दूध घालणार असाल तर कुकर बंद करून, खीर थोडी निवल्यावर. उकळत्या गुळात दूध घातलं की ते फाटतं. शिऱ्यातली साखरही रवा फुलल्यावर.

इडली, पुंडी (तांदळाच्या कण्यांचे वाफवलेले गोळे), ढोकळा: वाफेचं गणित

याची तक्रार वेगळी: पीठ कच्चं असतानाच बटण उडतं. म्हणजे खालचं पाणी पुरलं नाही. हे मात्र सरळ मोजता येतं. ७०० वॅटचा कुकर पूर्ण जोराने उकळत असताना मिनिटाला जास्तीत जास्त १८ मिली पाणी वाफेत घालवू शकतो. इडलीला वीस मिनिटं द्यायची तर साडेतीनशे मिली. पाणी उकळेपर्यंतचा वेळ आणि थोडी शिल्लक धरली तर अर्धा लिटर ठेवा. बरीचशी वाफ झाकणाला लागून पुन्हा खाली पडते, त्यामुळे प्रत्यक्षात हे पाणी बराच वेळ पुरतं. वरची जाळी पाण्याला टेकता कामा नये, आणि घड्याळ लावा, बटणाची वाट बघू नका. वाफवताना बटण उडणं म्हणजे पाणी आटलं, एवढाच त्याचा अर्थ. खाली भात आणि वर जाळीत बटाटे किंवा कांदे-भोपळा ठेवला तरी चालतं, फक्त झाकण नीट बसलं पाहिजे.

साधा भातच बिघडत असेल तर

आधी माप बघा. भांड्यातल्या खुणा कुकरसोबत आलेल्या कपाच्या असतात, आणि तो बहुतेक वेळा १८० मिलीचा असतो. घरातली वाटी वेगळी, पेला वेगळा, आजीचं चिपटं-मापटं तर वेगळ्याच जगातलं. तो कप हरवला असेल तर खुणा विसरा आणि एकाच वाटीने तांदूळ आणि पाणी दोन्ही मोजा.

दुसरी गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते. पाणी दोन ठिकाणी जातं: तांदळात आणि वाफेत. तांदळात जाणारं तांदळाच्या प्रमाणात वाढतं, वाफेत जाणारं फारसं वाढत नाही. म्हणून जुन्या सोना मसुरीच्या एका कपाला दोन कप पाणी लागलं, तरी चार कपांना आठ लागत नाही, साडेसहा-सात पुरतं. पाहुणे आले की भाताचा लगदा होतो तो यामुळे. उलट मोठ्या कुकरात एका माणसाचा अर्धा कप लावला की तो कच्चा राहतो, कारण सगळं पाणी वाफेतच जातं.

रविवार पेठेतून पोतं आणलं असेल तर तांदूळ नवा की जुना ते विचारून घ्या. सुगीनंतरचा नवा तांदूळ कमी पाणी पितो, जुना जास्त. इंद्रायणीला पावणेदोन, इंटाणला थोडं जास्त, बेळगाव बासमतीला वीस मिनिटं भिजवून दीड, इथून सुरुवात करा आणि पुढच्या वेळी पाव-पाव कपाने बदला. बासमतीचा वास टिकवायचा असेल तर बटण उडाल्यावर दहा मिनिटांनी प्लग काढा.

तळाला येणारी पातळ तांबूस खरपुडी हा बिघाड नाही. पातळ ॲल्युमिनियमच्या भांड्यात ती येणारच, आणि आमच्या घरी तिच्यावर भांडणं होतात. काळी आणि जाड येत असेल तर भांडं सपाट फरशीवर ठेवून डुगडुगतं का बघा. पोचा आलेला असेल तर टिकलीला नीट टेकत नाही. भांडं ठेवताना बाहेरून पुसा, खाली एखादा दाणा अडकलेला नको, आणि ठेवल्यावर डावी-उजवीकडे थोडं फिरवून बसवा.

संध्याकाळीच का बिघडतं?

दुपारी चांगला होणारा भात रात्री गिचका होत असेल, तर व्होल्टेज बघा. उसाच्या पट्ट्यातल्या गावांत मोटारी चालू झाल्या की दिवे मंद होतात, हे वेगळं सांगायला नको. व्होल्टेज थोडंच कमी झालं असं वाटतं, पण उष्णता त्याच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० च्या जागी १८० मिळाले तर ७०० वॅटचा कुकर जेमतेम ४३० वॅटचं काम करतो. उकळी यायला उशीर लागतो, तांदूळ कोमट पाण्यात फुगत बसतो, वाफेला जोर नसतो. तळ मऊ लगदा आणि वरचा थर टरटरीत. अशा वेळी गरम पाण्याने सुरुवात करा, भांडं निम्म्याच्या वर भरू नका, पाणी पाव कपाने कमी करा आणि बटण उडाल्यावर झाकण न उघडता पंधरा मिनिटं ठेवा.

गावात व्होल्टेज ठीक आणि तुमच्याच घरी कमी, असं असेल तर सॉकेटला हात लावून बघा. गरम लागत असेल तर आतला जोड सैल आहे, तो आधी दुरुस्त करा. मधेच वीज गेली तर साध्या कुकराचं काही बिघडत नाही, आली की तो सोडलं तिथून पुढे चालू होतो. डिजिटल कुकर मात्र पुन्हा सुरू करावा लागू शकतो, एकदा बघून ठेवा.

वॉर्मवर ठेवलेल्या भाताला वास येतो

वॉर्मचं तापमान साठ अंशांच्या वर राहिलं तरच भात सुरक्षित. त्याच्या खाली आलं की शिजल्यावरही जिवंत राहिलेले जंतू पुन्हा वाढतात, आणि नंतर गरम केलं तरी त्यांनी सोडलेलं विष जात नाही. साध्या भाताला चार-पाच तास ठीक. खिचडी, खोबरं घातलेलं काहीही, उसळ यांना तेवढेही नकोत. रात्रभर वॉर्मवर ठेवून सकाळी डब्यात न्यायची सवय खोल्यांवर सर्रास दिसते. त्यापेक्षा रात्रीच ताटात पसरून निववा आणि फ्रिजमध्ये ठेवा. फ्रिज नसेल तर सकाळीच लावा. वीज गेल्यावर वॉर्मही बंद असतं, हे विसरतं.

दुकानात कधी आणायचा

करंट मारत असेल तर आजच. पावसाळ्यात खानापूर-जांबोटीकडून असे कुकर बरेच येतात. दमट हवेने आतलं इन्सुलेशन ओलावतं, आणि जुन्या घरात अर्थिंग नसतं किंवा प्लगची तिसरी पिन कुणीतरी मोडलेली असते. अशा वेळी कुकरसोबत घरचं अर्थिंगही तपासून घ्या.

दोन्ही दिवे बंद असतील तर आधी सॉकेटला मोबाइलचा चार्जर लावून बघा, मग कुकरला सुटी वायर असेल तर ती दुसऱ्या कुकराची लावून बघा. दोन्ही ठीक असतील तर बहुधा फ्यूज गेलाय. दिवा लागतो पण प्लेट तापत नाही, किंवा गार असतानाही बटण धरतच नाही, तर टिकली किंवा आतले पॉइंट, म्हणजे स्विचमधले वीज जोडणारे ठिपके, बिघडलेत. भांड्याला पोचा असेल तर नुसतं भांडं मिळतं, अख्खा कुकर बदलायची गरज नाही.

आणताना आतलं भांडं आणि झाकण दोन्ही आणा. नुसती पेटी घेऊन आलात तर मी तपासू कशावर? आणि बटण कुठल्या पदार्थाला, किती मिनिटांनी उडालं एवढं सांगा. पन्नास टक्के दुरुस्ती तिथेच होते, आणि कधी कधी तेवढ्यावरच तुम्हाला परत पाठवतो.